हॉर्सपॉवर वाढवायचीय? इंजिनला हात लावू नका

टर्बो गाडी घेतली, रीमॅप मारला (म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून पॉवर वाढवली) आणि आता चारचौघांत आकडा सांगायचाय? मग पहिली गोष्ट, खरा आकडा सांगायचा नाही. पोलो 1.0 टीएसआयला कंपनीने 110 पीएस (हॉर्सपॉवरच समजा) दिलेत, स्टेज 1, म्हणजे पहिल्या पायरीच्या रीमॅपनंतर ते 130-135 च्या आसपास जातात आणि गाडी खरंच मस्त पळते, पण म्हापशात रस ऑम्लेटच्या गाड्यावर उभं राहून "एकशे तेहतीस" म्हणालात तर कोण पावातून मान वर काढणार? तिथे बोलायला सुरुवातच दोनशेपासून होते.

हे दोनशे आणायचे कुठून? डायनोवर, म्हणजे पॉवर मोजायच्या मशीनवर, चाकाला समजा 118 आले. निराश व्हायचं नाही, क्रँकला, म्हणजे थेट इंजिनवर, किती ते आपणच काढायचं. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये गिअरबॉक्स-बिअरबॉक्स धरून पंधराएक टक्के जातात, पण तुम्ही तीस धरा, कोण तपासतंय. 118 भागिले 0.7, झाले 168. (म्हणजे 50 पीएस, 37 किलोवॉट, नुसती उष्णता होऊन जातायत, बॉनेटखाली अठरा गीझर एकदम चालू ठेवल्यासारखे, आणि तरी गिअरबॉक्स वितळत नाही. याला म्हणतात जर्मन इंजिनीअरिंग.) मग करेक्शन फॅक्टर, म्हणजे हवेप्रमाणे आकडा जुळवून घेणं. एसएई जे1349 या स्टँडर्डमध्ये 25 डिग्री धरतात, आपण जुनं एसटीडी स्टँडर्ड लावायचं, त्यात 15.5 डिग्री आणि एकदम कोरडी हवा, चारेक टक्के फुकट. गोव्यात अशी हवा कधी असते ते विचारू नका. झाले 175. उरलेले पंचवीस एक्झॉस्टच्या आवाजाचे.

कोणी डायनोची शीट मागितली तर सांगा ट्यूनरकडे राहिलीय आणि ट्यूनर फोन उचलत नाही. यातलं दुसरं वाक्य तर बहुतेक वेळा खरंच असतं!

चोर्ला घाटात एखादी भाड्याची इनोव्हा सहा माणसं आणि टपावरच्या बॅगांसकट पुढे निघून गेली तर घाबरायचं नाही, म्हणायचं हीट सोक झाला रे, टर्बोची हवा थंड करणारा इंटरकूलर तापला, पेट्रोल कमी ऑक्टेनचं होतं, ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) स्पार्कचं टायमिंग मागे घेतलं. गंमत म्हणजे ही सगळी कारणं खरी आहेत, उकाड्यात टर्बो गाडी पॉवर सोडतेच, फक्त एकदम साठ-सत्तर पीएस सोडत नाही. आणि क्वार्टर माईलचा ट्रॅप स्पीड (पाव मैलाच्या शेवटी गाडीचा वेग) विचारणाऱ्या माणसाला चहासुद्धा पाजू नका, त्याला गाडीचं वजन कळलं की तो मोबाईलवर तुमची खरी पॉवर काढून मोकळा होतो.

दोनशे आकडा मात्र सगळीकडे चालत नाही हं. गाडी कुठे ठोकली आणि इन्शुरन्सचा सर्व्हेअर दारात आला की आवाज खाली घ्यायचा, डाउनपाईप (टर्बोमागचा बदललेला एक्झॉस्ट पाईप) आधीच मामाच्या पेडण्याच्या घरी पाठवलेला असायला हवा, आणि चेहरा अगदी गरीब करून सांगायचं, "साहेब, फुल स्टॉक आहे, एकशे दहाच, तेही कंपनी म्हणते म्हणून, मला तर तेवढेही वाटत नाहीत."