दोहर होना के रजई होना?

गांधीबागेतल्या त्या दुकानात मी फक्त ‘एखादं हलकंसं पांघरूण दाखवा’ एवढंच म्हटलं होतं. काउंटरवरच्या पोराने आधी माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्यावरच्या उन्हाकडे, आणि मग मालकाकडे. मालक म्हणाला, “मे महिन्यात?” आणि दुकानातले सगळे हसले. टॉवेल बघायला आलेलेसुद्धा. टॉवेल बघणाऱ्यांचा याच्याशी काय संबंध होता, हे मला अजून कळलेलं नाही.

ज्यांना यात हसू येतं ते नागपुरात कूलरसमोर झोपलेले नाहीत. या शहराने 23 मे 2013 ला 47.9 अंश पाहिलेत, मान्य. पण उन्हाळ्यात पांघरूण लागतं ते त्या उन्हामुळेच. रात्री अकराला कूलर नुसती वाफ फेकत असतो. पहाटे चारला त्याच कूलरला अचानक काश्मीर आठवतं आणि ओल्या खसाची हवा थेट कमरेत शिरते. तेव्हा चादर पुरत नाही, ब्लँकेट सोसत नाही. मधलं काहीतरी लागतं. ते मधलं काहीतरी मागायला मी आले होते.

“मॅडम, दोहर होना के रजई होना?” पोराने नागपुरी हिंदीत विचारलं. “एसी क्विल्ट भी है. कम्फर्टर होना तो वो भी है.”

“दुलईसारखं काहीतरी,” मी म्हटलं.

“दुलई क्या होता?”

तेवढ्यात कोपऱ्यातल्या स्टुलावरून आवाज आला. “कायले हसून राह्यले जी तुमी लोकं? बाईचं बरोबर हाय. कूलर भल्ली बेकार चीज हाय.”

सत्तरीचे काका होते. धोतर नाही, पण धोतर नेसल्यासारखा रुबाब. त्यांची बायको टॉवेलांच्या ढिगात बुडालेली आणि यांना काम नाही. मला वाटलं, चला, आपल्या बाजूचं कोणीतरी निघालं. पण ते माझ्या बाजूला आले ते थेट माझ्या जागी येऊन उभे राहिले.

“पांघरूण म्हंता, पन कोनतं? पांघरूण तं घोंगडंबी हाय, वाकळबी हाय. मी एम्प्रेस मिलमदे होतो जी. मले कपडा शिकवू नका.”

मी काहीच शिकवलं नव्हतं.

“काढ रे पोरा सारं खाली,” त्यांनी फर्मावलं, आणि मालकाचं न ऐकणाऱ्या त्या पोराने यांचं ऐकलं. आधी सोलापुरी चादर आली. “हे जेकार्डवर इनते. नक्षी मागापासूनच येते, छापत नाई. आंगावर घ्या, खाली टाका, पोराले गुंडाळा. पन तुमच्या कूलरले हे पुरनार नाई.” मग जयपुरी रजई. “यात कापूस हाय, पन पिंजून पिंजून पातळ केला. हलकी हाय, पन गरम होते.” मग त्यांनी खेस हा जाड सुती चादरीचा प्रकार मागितला. पोराला खेस माहीत नव्हता. काकांनी मालकाकडे अशा नजरेने पाहिलं की मालक आत गेला आणि पाणी पिऊन आला. पुढे भरूचच्या सुजनीवर व्याख्यान झालं. मागावर दोन पदर विणतानाच मध्ये कापूस भरत जातात, टाका म्हणून मारायचा नाही. ऐकायला छान होतं, पण दुकानात सुजनी नव्हती आणि बाहेर माझ्या स्कूटीची सीट तापत होती.

शेवटी दोहर, कापूस न भरता नुसते पदर जोडून शिवलेली. काकांनी तिचा कोपरा चिमटीत धरून चोळला, पदर वेगळे केले आणि मला म्हणाले, “मोजा.”

“काय?”

“पदर मोजा.”

मी, धरमपेठेतली सुशिक्षित बाई, भर दुकानात मोठ्याने एक, दोन, तीन म्हटलं. “मदातला पातळ हाय, पाहा,” ते म्हणाले. मग त्यांनी ती दोहर डोक्यावरून घेतली, पायापर्यंत ओढली, स्टुलावर बसले आणि आतून हुकूम सोडला, “पंखा इकडं करा. फुल.”

पोराने टेबलफॅन फिरवला. दुकानात एकदम शांतता. फुलाफुलांचा तो ढीग पंख्यासमोर निश्चल बसलेला. गिऱ्हाइकं जमली. एका बाईने मला हळूच विचारलं, “बरं नाही का त्यांना?” जणू ते माझेच कोणी होते. बराच वेळ काही होईना, तशी त्यांच्या बायकोने टॉवेलांतून मान काढली. “अजि, झोपले का मेले?”

आतून आवाज आला, “लागून राह्यली. हवा लागून राह्यली, पन बोचत नाई.” मग डोकं बाहेर काढून मालकाला, “बाईले हेच द्या.”

“आमच्या घरी उशीचा अभ्रा कोनता ते ठाव नाई यायले,” बायको म्हणाली आणि परत टॉवेलांकडे वळली.

म्हणजे माझी खरेदी एका अनोळखी माणसाने अंगावर घेऊन, घामासकट, पक्की केली. मला निळी हवी होती. पण काकांनी ‘पास’ केलेली गुलाबी सोडून दुसरी मागायचं धैर्य दुकानात कोणाला नव्हतं, मालकालाही नाही.

अंबाजोगाईला संतकवी दासोपंतांची पासोडी, म्हणजे जाड सुती पांघरूण, आहे, 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद, तिच्यावर त्यांनी पंचमहाभूतांवरचं अख्खं ‘पंचीकरण’ लिहिलं. तेवढं कापड घेताना त्यांना कोणी पदर मोजायला लावले नसतील.

किमतीचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. घडी करून ठेवलेली दोहर एका भावाची. तीच दोहर चेन लावलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत घातली, वर ‘एसी’ लिहिलं, की पाचशे रुपयांनी महाग. मी दोन्ही शेजारी ठेवून विचारलं, तर मालक म्हणाला, “वो एसी के लिए है.” माझ्याकडे कूलर आहे म्हणून स्वस्तातली द्या, तर म्हणे फिक्स रेट. कापूस पिकतो आमच्या यवतमाळ-वर्ध्यात. 1877 ला जमशेदजी टाटांनी याच शहरात काकांची ती एम्प्रेस मिल काढली ती त्या कापसासाठीच. आता मिलच्या जागेवर मॉल आहे, आणि आम्ही कुणीतरी दिलेलं नाव विकत घेतो, वर कापड फुकट मिळाल्यासारखं मिरवतो.

घरी येऊन लेबल वाचलं. ‘फक्त ड्राय क्लीन.’ रात्रभर कूलरचे शिंतोडे खाणारी वस्तू, आणि पाणी चालत नाही!

आठवडाभरात लाँड्रीत न्यावीच लागली. भिंतीवरच्या दरपत्रकात चादर होती, ब्लँकेट होतं, रजई होती. दोहर नव्हती. “रजई लिहितो,” लाँड्रीवाला म्हणाला.

“अहो, रजई कशी? आत कापूस कुठे आहे?”

त्याने कोपरा चिमटीत धरून चोळला. “तीन पदर हायेत ना, ताई? मंग?”

बरीच घासाघीस झाली. शेवटी त्याने पावतीवर ‘रजई (पातळ)’ असं लिहून दिलं आणि पैसे जाडीचे घेतले.