दुर्बिणीतून पाहूनही

जोसेफ लोझी यांच्या १९७५च्या ‘गॅलिलिओ’ या चित्रपटावरचा लेख आवडला, पण ‘धर्मगुरूंनी दुर्बिणीला डोळा लावायलाच नकार दिला’ हे वाक्य खटकलं. जर्मन नाटककार ब्रेख्तच्या ज्या नाटकावर हा चित्रपट आधारलाय, त्यात नकार देतात ते फ्लॉरेन्सच्या दरबारातले तत्त्वज्ञ आणि गणिती. ॲरिस्टॉटलच्या मते गुरूभोवती फिरणारे असे चंद्र असूच शकत नाहीत, मग बघायचं कशाला, हा त्यांचा हेका. उलट रोममधला जेझुइट (कॅथलिक धर्मसंघातला) गणिती क्लाव्हियस गॅलिलिओ बरोबर असल्याचं मान्य करतो. इतिहासातही १६११ साली तिथल्या जेझुइट गणितींनी गुरूचे चंद्र स्वतः पाहून दुजोरा दिला होता. तरीही १६१६ मध्ये, पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणणाऱ्या कोपर्निकसच्या ग्रंथावर चर्चची बंदी आली! पाहिलं, पटलं आणि तरी तोंड बंद केलं, हे न पाहण्यापेक्षा कितीतरी भयंकर आहे, आणि नाटकाचा जीव तिथेच आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. एकदा गच्चीवर मुलांना आणि पालकांना दुर्बिणीतून गुरूचे चंद्र दाखवले. एक पालक बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “दिसले हो बाई, पण पत्रिकेतला गुरू वेगळा.” त्या रात्री मला क्लाव्हियसच्या होकारानंतरची, बंदीपर्यंतची ती पाच वर्षं नीट कळली.