भाऊसाहेब 'दिनांक' कशाला घालतील?

आज सकाळपासून एक फोटो फिरतोय. 'पानिपतावरून सदाशिवरावभाऊंचं अखेरचं पत्र'. चहाचं पाणी लावून पिवळा केलेला कागद, ठसठशीत देवनागरी आणि डोक्यावर 'दिनांक १३ जानेवारी १७६१'. मजकूर म्हणजे नुसती आग. खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. एकाने भीत भीत विचारलं, मूळ पत्र कुठे आहे? लगेच उत्तर, "पुरावे कसले मागता, भावना बघा!"

तिडीक गेली डोक्यात.

अहो, पेशवाईतला कारकून पत्र लिहायचा मोडी लिपीत. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायची, मग बोरूने तिच्याखाली अक्षरं धावती लिहीत जायची. दोन शब्दांत जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर नाही, पूर्णविराम नाही. विरामचिन्हं आपल्याकडे रुजली ती एकोणिसाव्या शतकात, छापखान्याच्या जमान्यात. आणि या फोटोत उद्गारचिन्हं! तीही तीन-तीन!

तारखेचं तर विचारूच नका. खऱ्या पत्रात 'छ' घालून चंद्राची तारीख आणि मुसलमानी महिना असतो, म्हणजे 'छ' अमुक जमादिलाखर. साल बहुधा शुहूर सनात, म्हणजे तेव्हाच्या दफ्तरी कालगणनेत, अरबी अंकशब्दांत, एकंपासून उलटं चढत जाणारं. पानिपताचं साल 'इहिदे सितैन मया व अलफ'. एक, साठ, शंभर, हजार. झाले ११६१. हे वर्ष मृग नक्षत्राला बदलतं, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या पत्राला ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या पत्राला ६००. नवशिक्यांची हमखास चूक इथेच होते. सरसकट ६०० मिळवले की जुलै १७६० चं पत्र जुलै १७६१ चं होतं, आणि जानेवारीत रणात पडलेले भाऊ सहा महिन्यांनी पैशाचा तगादा लावताना दिसतात. हसू नका, हे होतं. शिवाय कित्येक पत्रांवर साल नसतंच, नुसती तारीख आणि महिना. मग मजकुरातल्या माणसांवरून, मुक्कामांवरून, नदीला पूर आहे की उतार, यावरून साल ठरवत बसायचं. ठरलं तरी ते अंदाजाचं, हे टिपेत प्रामाणिकपणे लिहायचं.

इतिहास शिकायचा तो यासाठी. छाती फुगवायला नव्हे आणि रडायलाही नव्हे. समोर आलेल्या कागदाला विचारायचं, तुला कुणी लिहिलं, कधी लिहिलं, लिहिणाऱ्याला हे कुठून कळलं आणि त्याला काय हवं होतं? ही सवय एकदा लागली की माणूस सातबारा, निवडणुकीचा जाहीरनामा आणि सकाळचा फोटो एकाच नजरेने वाचतो. आणि आपण पोरांना काय शिकवतो? सनावळ्या. सन पाठ, पण तो कुणी आणि कशावरून ठरवला, याचा पत्ता नाही.

बरं, अशा फोटोंमुळे पोरं निदान पानिपताचं नाव तरी ऐकतात, हे मान्य. पुढे?

राग याचा जास्त येतो की खरी पत्रं आहेत! इतिहासकार वि. का. राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली काढला, तो पानिपताच्या पत्रांचाच. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेले कागद आहेत, त्यातले निवडक इतिहासकार गो. स. सरदेसायांनी ४५ भागांत छापले. भाऊ गोविंदपंत बुंदेल्यांना, म्हणजे उत्तरेतल्या मराठी मामलेदाराला, काय लिहितात? पैसा पाठवा. यमुना उतरायला नावा जमवा. शत्रूची रसद मारा. मरू पण हटणार नाही, वगैरे कमी आणि हिशेब जास्त. ऑक्टोबर १७६० मध्ये भाऊंनी कुंजपुऱ्याचा किल्ला घेतला, पण त्याच महिन्यात अब्दाली बागपताजवळ यमुना उतरला आणि दिल्लीची वाट तुटली. डिसेंबरात गोविंदपंत मारले गेले. छावणीत अन्न नाही, जनावरांना चारा नाही, आणि १४ जानेवारीला उपाशीपोटी लढाई. हे पोटात कालवतं, आणि त्यासाठी एकही वाक्य बनवावं लागत नाही. फोटोतलं ते बनावट पत्र भाऊंचा मान वाढवत नाही, त्यांची खरी अडचण झाकतं.

असो, जास्त बोललो. फोटो पाठवणारा काही वाईट माणूस नाही, त्याला आवड आहे. अशांनीच मोडी शिकावी. बाराखडी लवकर बसते. दमवतात ते संक्षेप आणि एकमेकांत अडकलेली अक्षरं. रा॥ म्हणजे राजश्री, सु॥ म्हणजे सुहूर, तोच वरचा शुहूर सन. सुरुवातीला रोज एकच पत्र घ्या, ज्याचं छापील वाचन उपलब्ध आहे असं, आणि आपलं वाचन त्याच्याशी ताडून बघा. अडलेला शब्द ठोकून देऊ नका, जागा कोरी सोडा. आणि पत्र हाती येताच पैवस्तीचा शेरा शोधा, म्हणजे ते पोचल्याची नोंद. लिहिल्याची तारीख आणि पैवस्तीची तारीख यातलं अंतर मोजा. नानासाहेब पेशव्यांनी वेळेवर मदत का धाडली नाही, असं ठणकावून सांगण्याआधी कुठली बातमी त्यांच्या हातात कुठल्या दिवशी पडली, ते आधी काढा.