अफगाण चर्चला नक्कल म्हणायचे का?

कुलाब्याच्या अफगाण चर्चचा विषय निघाला आणि कट्ट्यावर लगेच दोन तट पडले. विनायकचे म्हणणे असे, की इंग्लंडमधले मध्ययुगीन धाटणीचे गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींचे आणि उंच निमुळत्या मनोऱ्याचे चर्च जसेच्या तसे उचलून इथे समुद्राकाठी आणून बसवले आहे. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत ख्रिस्ती पंथातील जी मंडळी त्या काळी गॉथिक बांधणीलाच खरी ख्रिस्ती बांधणी मानत होती, त्यांच्या हट्टाचे हे फळ.

शरदरावांना हे मुळीच पटले नाही. "अरे, विलायतेहून आलेला आधीचा आराखडा खर्चात बसेना, म्हणून तर हे काम शहराचा अभियंता हेन्री कॉनिबेअर याच्याकडे आले," ते म्हणाले. १८४७ साली पाया घातला गेला, १८५८ साली चर्च उपासनेसाठी खुले झाले, आणि सुमारे ६० मीटर उंचीचा निमुळता मनोरा पुरा व्हायला १८६५ साल उजाडले. बंदरात शिरणाऱ्या जहाजांना खूण म्हणून उपयोगी पडणाऱ्या या मनोऱ्यासाठी कावसजी जहांगीर या पारशी धनिकाने देणगी दिली होती, आणि भिंतींचा पिवळसर दगडही इथलाच.

"दगड इथला, पण आत पाऊल टाकले की सगळे विलायतीच," विनायकने लगेच सुनावले. हे मात्र खरे आहे. भौमितिक नक्षीच्या फरशा विल्यम बटरफिल्डच्या आणि पूर्व-पश्चिमेच्या रंगीत काचा विल्यम वेल्सच्या, दोघेही इंग्लंडचे.

मीनाताईंनी मात्र वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधले. हे चर्च सिंध आणि अफगाणिस्तानच्या मोहिमांत मेलेल्यांचे स्मारक आहे. वेदीजवळच्या भिंतींवर अधिकाऱ्यांची नावे आहेत. साध्या शिपायांची संख्या फार मोठी, म्हणून त्यांची नावे देता येत नाहीत, असे स्मारकलेखातच नमूद केले आहे. कोणाची नावे कोरायची याचा निर्णय हादेखील वास्तुरचनेचाच भाग असतो, हे त्यांचे म्हणणे कोणी खोडून काढले नाही.

माझा कल शरदरावांकडे आहे, पण त्यांनी दिलेल्या कारणांमुळे नव्हे. मनोरा पुरा झाला त्याच दशकात किल्ल्याची तटबंदी पाडली गेली आणि पुढे विद्यापीठ, उच्च न्यायालय, व्हिक्टोरिया टर्मिनस अशा गॉथिक इमारती मुंबईच्या दगडात उभ्या राहिल्या. त्यांच्या आधी या हवेत आणि या दगडात ही शैली आजमावून पाहण्याचे काम कुलाब्यात झाले होते. विनायकने 'आजमावून' एवढेच मान्य केले. 'शोधून' म्हणायला तो अजूनही तयार नाही.