"कैद्यांवर काहीच उपाय चालत नाही" हे अर्धंच खरंय

सध्या एक फॉरवर्ड फिरतंय, की गुन्हेगारांच्या समुपदेशनावर पैसे घालवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, अमेरिकेत १९७४ लाच सिद्ध झालंय म्हणे. तर हे सिद्धबिद्ध काही झालेलं नाही.

रॉबर्ट मार्टिनसन नावाच्या समाजशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २३१ अभ्यास तपासले आणि १९७४ च्या लेखात त्याने लिहिलं की थोडे अपवाद सोडले तर सुधारणा कार्यक्रमांचा पुन्हा गुन्हा करण्यावर फारसा परिणाम दिसत नाही. ते "थोडे अपवाद" लोकांनी सोयीस्करपणे गाळले. पुढच्याच वर्षी टेड पामर या संशोधकाने त्यातलेच आकडे काढून दाखवलं की जवळपास निम्म्या अभ्यासांत चांगला परिणाम होता, आणि १९७९ मध्ये तर खुद्द मार्टिनसननेच आपला निष्कर्ष मागे घेतला. हे मात्र कुणी फॉरवर्ड करत नाही!

नंतर २००५ मध्ये ५८ अभ्यास एकत्र तपासले गेले, विचार-वर्तन थेरपीवरचे. म्हणजे भांडण नेमकं कशावरून पेटलं, त्या क्षणी डोक्यात काय आलं, हात उचलण्याआधी दुसरं काय करता आलं असतं, हे बोलायचं आणि मग प्रत्यक्ष करून बघायचं. पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण सरासरी पाव टक्का नाही हं, पाव हिश्श्याने कमी! पुन्हा गुन्हा करण्याचा धोका जास्त असलेल्यांना फायदाही जास्त. उलट कमी धोक्याच्या माणसाला उगाच कडक कार्यक्रमात कोंबलं तर तो बिघडूही शकतो, त्यामुळे सरसकट सगळ्यांना एकच डोस चालत नाही.