बिघडलंय, की असंच असतं?

इलेक्ट्रिक गिटारी बनवणाऱ्या, अ‍ॅम्प उघडून बसणाऱ्या आणि गिटारचा आवाज बदलणाऱ्या पेडलांच्या डब्यांत नाक खुपसणाऱ्या माणसाला घरात एकच प्रश्न विचारला जातो. "हे बिघडलंय, की असंच असतं?" प्रश्न खवचटपणे विचारलेला नसतो, हेच खरं दुखणं. बायकोला मनापासून जाणून घ्यायचं असतं. बिघडलं असेल तर मी चिडचिड करत बसणार आणि जेवायला उशिरा येणार. असंच असेल तर मी खुशीत वाजवत बसणार आणि तरीही जेवायला उशिरा येणार. समोर कुठला चेहरा येणार आहे, एवढंच तिला आधी कळायला हवं असतं.

पण उत्तर देणं सोपं नाही, कारण या छंदाचा पायाच बिघाडावर घातलेला आहे. मार्टी रॉबिन्स या गायकाचं १९६१ साली एक गाणं आलं. त्यात ग्रेडी मार्टिनने बास गिटारवर एक छोटा तुकडा वाजवलाय. रेकॉर्डिंगच्या वेळी कन्सोलमधला ट्रान्सफॉर्मर गचकला आणि बासचा आवाज साफ फाटला. कुठल्याही शहाण्या माणसाने तो तुकडा पुन्हा वाजवून घेतला असता. यांनी तो तसाच ठेवला, लोकांना आवडला, आणि ग्लेन स्नॉडी नावाच्या त्यांच्या इंजिनिअरने तोच बिघाड हुकमी करून देणारं सर्किट जुळवलं. १९६२ मध्ये ते 'मॅस्ट्रो फझ-टोन' या नावाने विकायलाही आलं. पुढे १९६४ च्या सुमारास द किंक्स या बँडच्या डेव्ह डेव्हिसने हवा तसा आवाज मिळावा म्हणून आपल्या अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कोन चक्क ब्लेडने चिरला. म्हणजे जगात एकीकडे आवाज निर्दोष यावा म्हणून इंजिनिअर मंडळी रक्ताचं पाणी करत होती आणि दुसरीकडे आमचे पूर्वज हातात ब्लेड घेऊन स्पीकरपुढे बसले होते.

तेव्हापासून बिघाडाच्या दोन जाती झाल्या. एक हवासा. त्याला फझ, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन अशी भारदस्त नावं असतात आणि तो रंगीत डबीत बंद करून मिळतो. दुसरा नकोसा, म्हणजे हमिंग (सतत चाललेली घूं), खरखर, शीळ, मध्येच आवाज जाणं. माझी तक्रार इतकीच की हवासा बिघाड करायला घेतला की तो काही केल्या होत नाही, आणि नकोशाला आमंत्रण लागत नाही.

हमिंगचंच घ्या. गिटारचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वर गिटारची तार थरथरली की खालचं चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत बारीकशी वीज उमटते. कल्पना सुंदर आहे. पण गिटारची तार कोणती आणि भिंतीतली वायर कोणती, हे त्या वेढ्यांना कळत नाही. घरातली वीज, ज्या देशात जशी पद्धत असेल त्याप्रमाणे, सेकंदाला ५० किंवा ६० वेळा मागेपुढे होत असते. पिकअप इमानेइतबारे तीही ऐकवतो. मी वाजवत नसलो तरी ऐकवतो. किंबहुना मी वाजवत नसताना जास्त मन लावून ऐकवतो.

यावर गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हरने १९५५ मध्येच उपाय काढून ठेवलाय. दोन गुंडाळ्या शेजारी शेजारी ठेवायच्या. एकीचे वेढे उलटे, चुंबकही उलटा. बाहेरची घूं दोघींत एकमेकींच्या विरुद्ध उमटते आणि कापली जाते, तारेचा आवाज मात्र दोघींचा मिळून येतो. याचं नाव हमबकर. सगळं प्रकरण इथे मिटायला हवं होतं. पण एकाच गुंडाळीच्या पिकअपला जो लख्ख, टोकदार आवाज असतो तो हमबकरला नसतो, आणि मला नेमका तोच हवा असतो. "मग घूं सहन कर," असं घरातलं मत. मतात दम आहे.

सहन करण्याचीही एक पद्धत असते. गिटार गळ्यात अडकवून खोलीत हळूहळू गोल फिरायचं. एका विशिष्ट कोनात पिकअप अशा दिशेला येतो की हमिंग जवळजवळ बंद होतं. माझ्या खोलीत तो कोन कपाटाकडे तोंड केल्यावर येतो. त्यामुळे माझी सगळी वादनकला आजवर कपाटाने ऐकलेली आहे. पाहुणे आले तरी मी त्यांच्याकडे पाठ करूनच वाजवतो. काहींना तो विनय वाटतो.

दुसरी गंमत तारांना हात लावण्याची. तारा ब्रिजमार्गे, म्हणजे त्या खाली जिथे टेकतात त्या पट्टीतून, ग्राउंडला (विजेच्या शून्य बाजूला) जोडलेल्या असतात. आपलं शरीर हीच एक चांगली मोठी अँटेना असते, सगळ्या खोलीभरची घूं गोळा करून ते गिटारजवळ आणून उभं करतं. तारेला बोट लागलं की शरीरही ग्राउंड होतं आणि आवाज बसतो. म्हणजे शांतता हवी असेल तर गिटारला धरून राहायचं. एका हाताने तारा दाबून धरल्यात, दुसऱ्या हाताने दार उघडतोय, अशा अवस्थेत शेजारच्या काकांनी मला पाहिलंय. "काय हो, दुरुस्ती चाललीय वाटतं?" "नाही काका, वाजवत होतो." "बरं बरं, चालू द्या दुरुस्ती."

पेडलची तऱ्हा वेगळी. डबी उघडी असताना ते गाढ समाधानाने चालतं. सर्किट टेबलावर पसरलेलं, नऊ पायांचा फूटस्विच वायरींना लोंबकळतोय, पॉट (आवाज कमीजास्त करायच्या खुंट्या) उलटे पडलेत, तरी आवाज असा की ऐकत राहावं. मग ते सगळं अ‍ॅल्युमिनियमच्या डबीत कोंबायचं. मुठीत मावेल एवढी डबी, त्यात बाजूंनी वायरीची पिन खुपसायचे दोन जॅक, वरून पॉट, खालून स्विच, मध्ये सर्किट. झाकणाला चार स्क्रू. पहिला बसवला, वाजवून पाहिलं: चालू. दुसरा बसवला: चालू. तिसरा बसवून शेवटचा अर्धा पीळ दिला, आणि आवाज गेला. तोच अर्धा पीळ सैल केला, आवाज आला. झाकण काढून बघितलं तर आत सगळे सज्जन. कोणी कोणाला चिकटलेलं नाही, सोल्डरचा प्रत्येक ठिपका चकचकीत. झाकण लावलं की आत पुन्हा काहीतरी शिजतं. अखेर कळतं की जॅकमध्ये पिन शिरली की जॅकची पितळी पट्टी केसभर बाहेर सरकते आणि शेजारच्या पॉटच्या पाठीला टेकते. पिन काढून आत बघाल तेव्हा ती मुकाट्याने जागेवर गेलेली असते. मी त्या पॉटच्या पाठीवर चिकटपट्टी लावली. पेडल आता चालतं. तिसरा स्क्रू मात्र मी आजही भीत भीतच आवळतो.

फझ बनवताना याहून मोठा चमत्कार होतो: ते बोलायला लागतं. शिल्ड (बाहेरचं संरक्षक आवरण) नसलेली वायर रेडिओच्या लहरी पकडते, ट्रान्झिस्टरमधला सांधा त्यातला आवाज वेगळा काढतो, आणि कुठलाही लहानसा सिग्नल प्रचंड मोठा करणं हे तर फझचं कामच. एका रात्री माझ्या पेडलमधून एक गृहस्थ अत्यंत गंभीर आवाजात काहीतरी वाचून दाखवू लागले. उच्चार स्वच्छ. त्या डबीतून इतका सुस्पष्ट आवाज मला कधी काढता आलेला नाही. इनपुटपाशी शंभरेक पिकोफॅरडचा कपॅसिटर बसवला तेव्हा ते थांबले. बायको म्हणाली, "ते राहू द्यायचे होते."

ट्यूब अ‍ॅम्पच्या बाबतीत मात्र मी विनोद करत नाही. आत चारशेच्या आसपास व्होल्ट खेळत असतात आणि प्लग काढला तरी फिल्टर कपॅसिटर ती वीज धरून ठेवतात. त्यामुळे आधी रेझिस्टर लावून ते रिकामे करायचे, मीटरने खात्री करायची, आणि चालू अ‍ॅम्पमध्ये मोजमाप घ्यायचं झालं तर एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे करंटला एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मधल्या हृदयाची गाठ घेता येत नाही. हा नियम जुने मेकॅनिक सांगतात आणि तो पाळावा. पाळताना माणूस दिसतो मात्र मोठा ऐटबाज: एक हात खिशात, दुसऱ्या हातात लाकडी काडी, आणि त्या काडीने एकेका ट्यूबवर टिचक्या मारत कान देऊन उभा. ज्या ट्यूबचे आतले भाग सैल झालेत ती टिचकीसरशी स्पीकरमधून टण्ण करते. "काय शोधतोयस?" "कोण आवाज करतंय ते." "तू करतोयस."

लाकूडकामाबद्दल फार बोलत नाही. कोणत्या लाकडाने आवाज कसा बदलतो यावर माणसं हमरीतुमरीवर येतात आणि मला मैत्री टिकवायची आहे. फ्रेट, म्हणजे गिटारच्या मानेवरच्या (नेकवरच्या) आडव्या धातूच्या पट्ट्या, मात्र सांगायला हव्यात. तारेची लांबी १७.८१७ ने भागायची, आलेल्या अंतरावर पहिला फ्रेट. उरलेली लांबी पुन्हा १७.८१७ ने भागायची, दुसरा. असं करत गेलं की बारावा बरोबर अर्ध्यावर येतो. कागदावर येतो. लाकडावर करवतीच्या पात्यालाही स्वतःची जाडी असते आणि स्वतःचे विचार असतात. शिवाय प्रत्येक फ्रेट आधीच्यावरून मोजत गेलं तर चिमूटभर फरक साठत साठत वर मोठा होतो, म्हणून सगळी मापं नटपासूनच, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात तिथूनच, घ्यायची असतात. एवढं करून नेक जोडली, तारा चढवल्या, की नेक त्या ताणाने हळूच वाकते. मग ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली तिला सरळ ठेवणारी सळई, पाव फेरा फिरवायचा आणि ती काय म्हणते याची वाट बघायची. घाईच्या माणसाने यात पडू नये.

खचलो की मी लिओ फेंडरची आठवण काढतो. स्ट्रॅटोकास्टर ही गाजलेली गिटार बनवणारा हा माणूस मुळात रेडिओ दुरुस्त करायचा आणि त्याला गिटार वाजवता येत नव्हती. मला हा इतिहासातला सर्वांत दिलासादायक तपशील वाटतो. घरात तो इतक्यांदा सांगून झालाय की मी "लिओ" म्हटलं की पुढचं वाक्य मुलगी पूर्ण करते. बायकोचं म्हणणं, "त्याने निदान विकल्या तरी."

विकणं दूर राहिलं, पण माझं एक पेडल कुणालातरी आवडलं, त्याची ही हकिगत. माझा एक मित्र खरोखरच चांगला वाजवतो. भर उन्हाळ्यात, दुपारी तो घरी आला तेव्हा टेबलावर जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरांचा फझ पडला होता. १९६६ मध्ये लंडनला जी गोल डबीची 'फझ फेस' निघाली, त्या धर्तीचा. दोन ट्रान्झिस्टर आणि मूठभर सुटे भाग. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टर नावाच्या पायावर साडेचार व्होल्ट, म्हणजे बॅटरीच्या नऊच्या निम्मे, आले की तो भरदार, गोल वाजतो. पण जर्मेनियमला ऊन-थंडी लागते. ट्रान्झिस्टरवर नुसतं बोट टेकवलं तरी मीटरवरचा आकडा सरकायला लागतो. त्या दुपारी तो पार भरकटला होता. प्रत्येक सूर नीट सुरू व्हायचा आणि शेवटी घशात घास अडकल्यागत फस्स, फट्, फट् करून मरायचा. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन ट्रिमरकडे, म्हणजे ते व्होल्ट जुळवायच्या बारक्या खुंटीकडे, वळलो, तर हा ओरडला, "हात लावू नकोस! हेच पाहिजे!"

संध्याकाळी तो ते घ्यायला आला तेव्हा हवा गार झाली होती. पेडल जोडलं. आवाज गोल, भरदार, अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. त्याचा चेहरा उतरला. "दुपारचं ते कुठे गेलं?" मी ट्रिमर डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला, फझ पातळ झाला, मुका झाला, पण ते फट्-फट् काही परत येईना. इतकी वर्षं नको असताना मिळालेला बिघाड आता गिऱ्हाईक दारात उभं असताना मिळत नव्हता.

शेवटी त्याने ते तसंच नेलं. वाजवण्याआधी उन्हात ठेवायचं, असं ठरलं. काही दिवस बरे गेले. मग त्याचा फोन आला: "ढग आलेत. काय करू?"

"तुझा अ‍ॅम्प ट्यूबचा आहे ना? चांगला तापू दे आणि पेडल त्याच्यावर ठेव."

ठेवलं. अर्ध्या तासाने पुन्हा फोन. फट्-फट् आलंय, झकास आलंय, पण खाली ट्रान्सफॉर्मर असल्यामुळे सोबत दणदणीत हमिंगही आलंय. रविवारी मल्टिमीटर घेऊन त्याच्याकडे जायचंय. त्याने विचारलं, काही तयारी करून ठेवू का? म्हटलं, कपाट असलं तर बघ, त्याच्याकडे तोंड करून वाजवता येतं का.