रविवारच्या देखभाल-वर्गाबद्दलच्या आपल्या तक्रारीस उत्तर

सप्रेम नमस्कार.

गाडीच्या देखभालीच्या आमच्या रविवारच्या वर्गाला एक तारा देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला आणि त्या दिवशी वर्ग घेणाऱ्या दोघा मेकॅनिकांनाही वाचून दाखवला. आपले म्हणणे थोडक्यात असे की, 1,800 रुपये घेऊन आम्ही चार तासांत फ्यूज फिरवणे आणि व्होल्ट मोजणे एवढेच शिकवले, ब्रेकला आणि इंजिनाच्या वायरिंगला हात लावू दिला नाही, आमच्या पत्रकाप्रमाणे बॅटरीची गळती, म्हणजे गाडी बंद असतानाही वाहणारा करंट, मोजताना आपला मल्टिमीटर (व्होल्ट आणि करंट मोजायचा मीटर) बंद पडला, आणि शेवटी कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनने डिकीतला दिवा जळत राहतो हे पाच मिनिटांत शोधून दिले. गिऱ्हाईक हातचे जाऊ नये म्हणून आम्ही अर्धेच शिकवतो, असा निष्कर्ष आपण काढला आहे. मल्टिमीटरची तक्रार पूर्णपणे रास्त आहे, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहितो.

बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ते आणि केबल यांच्यामध्ये मीटर जोडला की बंद गाडी किती करंट ओढते ते कळते, असे पत्रकात लिहिले आहे. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारायचा नाही, हे वाक्य मात्र त्यात नाही. वर्गात आम्ही ते तोंडी सांगतो. पण आठ दिवसांनी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकट्याने काम करणाऱ्या माणसाच्या हातात पत्रकच असते. साधा मीटर 10 अँपिअरपर्यंत सोसतो आणि सेल्फ शंभराहून अधिक अँपिअर ओढतो, त्यामुळे आपण मध्येच किल्ली फिरवलीत तेव्हा जे झाले ते होणारच होते. बहुधा मीटरच्या आतला फ्यूजच गेला असेल. मीटर घेऊन यावे. फ्यूज आम्ही बदलून देऊ, आणि मीटरच गेला असेल तर त्याची किंमत देऊ.

पत्रक आता बदलले आहे आणि त्यात क्रमही बदलला आहे, तो आपल्याच गाडीमुळे. आपल्या 1995 च्या मर्सिडीज ई-220 मध्ये, म्हणजे डब्ल्यू-124 या मॉडेलमध्ये, हल्लीचे चपटे प्लास्टिकचे फ्यूज नसून जुने चिनी मातीचे, दोन्ही टोकांना धातू उघडा असलेले फ्यूज आहेत. अशा गाडीत गळती शोधायला बॅटरी सोडवण्याची गरजच नाही. बॉनेट उघडे ठेवून, फ्यूजपेटीचे झाकण काढून, बाकीची गाडी बंद करून अर्धा तास थांबावे; मग मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्याच्या दोन पिना एकेका फ्यूजच्या दोन टोकांना टेकवाव्यात. करंट वाहत नसेल तर आकडा शून्य राहतो. वाहत असेल तर मिलिव्होल्टचा दशांश का होईना, काहीतरी दिसतेच. मग त्या फ्यूजवर काय काय चालते ते यादीत पाहावे. या पद्धतीत मीटरला कसलाही धोका नाही.

त्याही आधी डिकी आणि डॅशबोर्डचा कप्पा पाहायला हवा होता, हे मी मान्य करतो. मीटर शिकवण्याच्या हौसेत आमच्याकडून ते राहून गेले. पाच वॅटचा छोटा बल्ब 12 व्होल्टवर सुमारे 0.4 अँपिअर घेतो, म्हणजे दिवसाला जवळजवळ 10 अँपिअर-तास. आपण गाडी सोमवार ते शनिवार उभी ठेवता; 70 अँपिअर-तासांची बॅटरी तेवढ्यात बरीचशी रिकामी होते. डिकी बंद करून पंधरा-वीस मिनिटांनी उघडावी आणि बल्बच्या काचेजवळ हाताचा पालथा भाग न्यावा. ऊब लागली तर झाकण लावल्यावर दिवा विझवणारा खटका खराब आहे. दिवा विझतो की नाही हे डोळ्यांनी पाहायचे असेल, तर मोबाइलवर व्हिडिओ चालू करून तो आत ठेवावा आणि झाकण लावावे. (किल्ली मात्र आत ठेवू नये, आमच्याकडे तेही होऊन गेले आहे.)

व्होल्ट मोजण्याला आपण किरकोळ म्हटले आहे, तिथे मात्र मी सहमत नाही. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलल्याचे आपणच लिहिले आहे. चांगली भरलेली, थोडा वेळ विसावलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते आणि गाडी चालू असताना तो आकडा साधारण 13.8 ते 14.4 असायला हवा. हे दोन आकडे आधी घेतले असते तर निदान दुसऱ्या बॅटरीचे पैसे वाचले असते. सेल्फ जड फिरत असेल तर आणखी एक मोजमाप घ्यावे : एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाला, दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूला, आणि दुसऱ्या माणसाने सेल्फ मारायचा. व्होल्टमध्ये लावलेल्या मीटरला याने काही होत नाही. आकडा 0.2 च्या फार वर गेला तर अर्थची पट्टी, म्हणजे बॅटरीचे निगेटिव्ह टोक गाडीच्या धातूला जोडणारी पट्टी, गंजली आहे किंवा सैल आहे. ती घासून घट्ट करायला एक पाना आणि पॉलिश पेपर पुरतो.

फ्यूज फिरवण्याचेही तसेच. या जुन्या फ्यूजच्या टोकांवर आणि ते धरणाऱ्या पट्ट्यांवर काळपट थर चढतो. फ्यूज जळालेला नसतो, तरी काच चढत नाही किंवा वायपर अडखळतो. बोटांत धरून तो जागच्या जागी चार-पाच वेळा फिरवला की थर खरवडला जातो. काचेची मोटर बदलायला म्हणून आलेली गाडी आम्ही फ्यूज फिरवून, पैसे न घेता परत पाठवली आहे. बदलताना पांढरा 8, लाल 16 आणि निळा 25 अँपिअरचा, हे पाळावे. लालच्या जागी निळा घालू नये.

वायरिंगला हात लावू दिला नाही, हे खरे आहे आणि यापुढेही देणार नाही. त्या वर्षांतल्या या इंजिनांवरच्या वायरिंगचे वेष्टन उष्णतेने सुकून ठिसूळ होते. वर्गात आपण ज्या जुडग्याला वाकवून पाहत होता, त्याच्या एका वायरीवरचे वेष्टन बिस्किटासारखे चुरताना आपल्यासमोर बसलेल्यांनी पाहिले. अशा दोन उघड्या तारा एकमेकींना लागल्या तर गाडी मिसिंग करते, बंद पडते, क्वचित इंजिनाचे कंट्रोल युनिटही जाते. टेप गुंडाळणे हा त्यावरचा उपाय नाही. संपूर्ण जुडगेच बदलावे लागते.

ब्रेकबाबत आमची भूमिका आपल्याला आवडणार नाही. चार तासांत दहा माणसांना ब्रेक शिकवणे मला बरोबर वाटत नाही, कारण तिथली चूक पार्किंगमध्ये नव्हे, खंडाळ्याच्या उतारावर कळते. ब्रेक पॅडची जाडी पाहणे आणि ब्रेक ऑइलची पातळी तपासणे आम्ही शिकवतो, तेवढेच. आपण विकत घेतलेला ओबीडी-टूचा स्कॅनर (गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारे यंत्र) या गाडीला लागत नाही, हे वर्गाच्या जाहिरातीतच लिहायला हवे होते; आता लिहिले आहे. तिचे सॉकेट बॉनेटखाली, वेगळ्याच आकाराचे आहे.

आपली गाडी आमच्या गॅरेजपासून फार लांब नव्हे, पिंपरीतच जुळवली गेलेली आहे. तिची देखभाल पुढेही आमच्याकडे झाली तर मला आनंदच आहे, पण त्यासाठी ज्ञान लपवण्याची गरज पडलेली नाही. पुढच्या रविवारच्या वर्गाला आपण शुल्क न भरता यावे. डिकीचा खटका तोवर बदलून झाला नसेल, तर आजच तो बल्ब काढून कप्प्यात ठेवावा, म्हणजे यायच्या दिवशी गाडी ढकलावी लागणार नाही.

आपला,
गॅरेजचालक